धुळ्यातलं खारं पाणी

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या डॉक्टरबाईंची नागपूरला बदली झाली आणि त्यांची माशांची टाकी आमच्या हॉलमध्ये आली. तीन फूट लांबीची, खाऱ्या पाण्याची. आत दोन नारिंगी मासे, अंगावर पांढरे पट्टे असलेले. चार गोगलगाई आणि लाल मिशांची एक कोळंबी. एवढ्या उन्हात नागपूरपर्यंतचा प्रवास त्यांना झेपणार नाही, असं बाईंचं म्हणणं. सामान बांधता बांधता त्यांनी मला सूचना दिल्या. दर आठवड्याला थोडं पाणी बदला. काच साबणाने धुऊ नका. पातळी उतरली की भर घाला. मी मान डोलवत राहिले. मीठ मोजायचं छोटं यंत्र आणि समुद्री मिठाचं पोतं देऊन त्या गेल्या.

आठवड्याभरात सासरे आले. साक्रीच्या पुढे आमचं गाव आहे, तिथे ते शेती करतात, बोलतात अहिराणी. गुडघ्यांच्या उपचारांसाठी दोन महिने धुळ्यात राहायचं ठरलं होतं. त्यांना सगळे आबा म्हणतात, मीही. पण लग्नाला नऊ वर्षं होऊनही आमचं बोलणं चहा, औषध आणि जेवण यापलीकडे गेलेलं नव्हतं.

आल्या आल्या ते टाकीसमोर उभे राहिले.

"बठ्ठं पाणी खारं शे?"

"हो आबा, सगळं."

"समुद्रना मासा धुळामा काय कराले उनात?"

मासे इथे कसे आले ते मी सांगितलं.

नवरा सकाळी नरडाण्याच्या कारखान्यात जायचा तो संध्याकाळीच यायचा. त्यामुळे टाकी माझ्याच गळ्यात होती. घरात जे होतं त्यावर मी भागवायला शिकले. काचेवर हिरवा थर धरला की जुनं एटीएम कार्ड घेऊन खरवडायचं. कडेला मिठाची पांढरी साय जमली की ओल्या फडक्याने टिपायची. त्यासाठी एक नवं सुती फडकं वेगळं ठेवलं, त्याला साबण कधी लावला नाही. एक बादलीही वेगळी, तिच्यावर मार्करने मोठ्ठं ‘मासे’ लिहिलं, कारण आमच्या कामवाल्या ताई हाताला लागेल त्या बादलीत कपडे भिजवायच्या. पंपात पांढरा क्षार अडकला तेव्हा तो काढून व्हिनेगरमध्ये तासभर भिजवला, जुन्या टूथब्रशने घासला आणि साध्या पाण्याने तीनदा धुतला. पंप नव्यासारखा फिरू लागला. मी स्वतःवर खूश होते.

एप्रिल लागला तसं टाकीतलं पाणी रोज बोटभर उतरू लागलं. मी इमानेइतबारे बादलीत समुद्री मीठ कालवायची आणि भर घालायची. खाऱ्या पाण्याची टाकी, म्हणून खारं पाणी.

पंधरा दिवसांनी कोळंबी मेली. गोगलगाई एका जागी चिकटून बसल्या. दोन्ही मासे तळाशी जाऊन राहिले, दाणा टाकला तरी वर येईनात. डॉक्टरबाईंना फोन लावला, त्या वॉर्डात असाव्यात, उचलला नाही. मी मीठ मोजायचं यंत्र पाण्यात धरलं तर काटा थेट शेवटच्या खुणेपलीकडे. पंधरा दिवसांत हे यंत्र मी एकदाही बाहेर काढलं नव्हतं.

आबा खुर्चीवर बसून हे सगळं बघत होते. त्यांनी खिडकीतल्या कूलरच्या गवती जाळीकडे बोट केलं.

"पोरी, त्या ताटीवर हाई पांढरं काय शे?"

"क्षार आहे आबा. बोअरच्या पाण्याचा."

"मंग पाणी कोठे गयं?"

"उडून गेलं."

"पाणी उडनं, क्षार तठेच ऱ्हायना. मंग तुन्ही टाकीमधलं मीठ कोठे जाई?"

मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. दरवर्षी अकरावीच्या मुलांसमोर बशीत मिठाचं पाणी आटवून दाखवते, पाणी जातं आणि मीठ बशीतच राहतं. आणि घरात पंधरा दिवस मिठावर मीठ ओतत होते. मला इतकी लाज वाटली की हसूच आलं. आबाही हसले. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी लगेच बादली घेऊन निघाले, अर्धं पाणी काढून साधं पाणी ओतायला. त्यांनी हात धरला नाही, पण आवाज चढवला.

"एकदम नको! सुकेल पिकले बी पाणी थोडं थोडं देतस."

मग आम्ही तसंच केलं. सकाळी दोन मग खारं पाणी काढायचं, दोन मग फिल्टरचं साधं पाणी घालायचं. संध्याकाळी पुन्हा तेच. आबांनी काचेवर चिकटपट्टी लावून पाण्याची पातळी आखली. पट्टीखाली पाणी गेलं की साधंच पाणी घालायचं, मीठ नाही. रोज काटा थोडा मागे यायचा आणि मी तो आबांना वाचून दाखवायची. सहाव्या दिवशी मोठा मासा वर आला आणि दाणा खाल्ला. दुसऱ्या दिवशी लहानही आला.

मे महिन्यात एका दुपारी लाईट गेली. बाराचा सुमार, पारा चव्वेचाळीसच्या वर. पंप बंद, पंखा बंद. तासाभरात टाकीचं पाणी कोमट लागायला लागलं आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडझाप करू लागले.

"तू बर्फनं देख, मी पाणी देखस," आबा म्हणाले.

फ्रीजरमध्ये मी बाटल्यांत पाणी गोठवून ठेवलं होतं. बुचं घट्ट लावून एक बाटली टाकीत तरंगत सोडली, दहा मिनिटांनी काढली, थोड्या वेळाने दुसरी. काचेला बाहेरून ओली चादर गुंडाळली. आबांनी स्टूल ओढून घेतलं, दुखऱ्या गुडघ्यांसकट त्यावर बसले, आणि टाकीतलंच पाणी मगाने उचलून वीतभर उंचीवरून पुन्हा टाकीत सोडू लागले. पाण्यात बुडबुडे उठून हवा मिसळत होती. ते थकले की मी बसायची, मी थकले की ते. शेजारच्या काकू विचारायला आल्या आणि अर्धा तास मग चालवून गेल्या.

चार वाजता लाईट आली. पंप घरघरला. दोन्ही मासे हळूहळू खाली उतरले आणि दगडांमधून फिरू लागले. मी फरशीवरच बसले.

जेवायचं राहिलंच होतं. भाकरी आणि शेवभाजी तिथेच टाकीपुढे घेतली. नऊ वर्षांत आम्ही दोघं शेजारी बसून जेवलो नव्हतो. त्यांनी विचारलं, कॉलेजात नेमकं काय शिकवतेस. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, आवडतं का. हा प्रश्न मला घरात कुणी विचारला नव्हता. मी बराच वेळ बोलत राहिले आणि ते भाकरी मोडत ऐकत राहिले.

जूनच्या सुरुवातीला पेरणीसाठी ते गावी परतले. मासे दोन्ही आहेत, चांगले जाड झालेत. आबा रविवारी सकाळी फोन करतात, तो माझ्या मोबाईलवर. नवरा म्हणतो, मला का करत नाहीत?