कालवफोड्याची लाल चोच

आमच्या ह्यांचं काम सांगितलं की लोक आधी हसतात. हे संग्रहालयात मेलेल्या पक्ष्यांच्या चोची रंगवतात. पक्ष्यात पेंढा भरला की पिसांचा रंग टिकतो, चोच आणि पाय मात्र फिके पडतात. ते पुन्हा जिवंत वाटतील असे करायचे. याच कामावर आमचं घर उभं राहिलं, तेव्हा मी हसणं कधीच सोडलं.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यामागची नस सुकत चालली आहे, आधी लाल रंग जाईल. आणि नेमकं तेव्हाच कालवफोड्यांचं कपाट ह्यांच्या गळ्यात पडलं. समुद्रकाठी शिंपले फोडून खाणारा हा पक्षी. जगभरातल्या त्याच्या जाती एका काचेआड मांडायच्या होत्या. कुणी काळापांढरा, कुणी नखशिखांत काळा, एकाची पाठ तपकिरी नि डोळे पिवळे. पण चोच सगळ्यांची मेली लांबलचक आणि लालभडक. कुणीतरी डूख धरून काम द्यावं, तसं झालं.

"कुणाला सांगू नकोस," हे म्हणाले. "एवढं कपाट होऊ दे. अजून थोडा दिसतोय लाल."

तेव्हापासून माझ्या जिवाला घोर. डबा द्यायच्या निमित्ताने मी रोज तिथे जाऊन बसायची. रंग मी मिसळायची, ब्रश ह्यांच्या हातात. पाय गुलाबी, चोच लाल, एवढंच घोकत राहायची. दाराशी पाऊल वाजलं की रंगाची वाटी पदराआड लपवायची. आयुष्यभर मीठ अंदाजाने टाकलेली बाई मी, मला लालमधला नारिंगी काय कळणार?

शेवटी मॅडम, म्हणजे विभागाच्या प्रमुख, कपाट पाहायला आल्या. खूश दिसल्या. मग दोन काळ्या पक्ष्यांपाशी थबकल्या आणि ह्यांना विचारलं, या दोन चोचींत फरक का, आणि बरोबर कुठली? मला लांबूनही दिसत होतं, डावीकडची जास्तच नारिंगी झाली होती. चूक माझी. मी घसा खाकरला, डोळ्यांनी खुणावलं. हे माझ्याकडे बघेचनात.

"मला नाही सांगता येणार," हे म्हणाले. "लाल रंग हिवाळ्याआधीच गेला. मला दोन्ही राखाडीच दिसतात."

मॅडम काहीतरी समजुतीचं बोलू लागल्या. माझ्या कानात काही शिरेना. हिवाळ्याआधीच. आणि काल संध्याकाळी, मी विचारलंही नसताना, हे म्हणाले होते की तुला हा लाल स्वेटर फार खुलून दिसतो.