डेऱ्याखालची बाटली

लग्न होऊन जतकडे आले तेव्हा मला सगळ्यात जास्त भीती वाटायची ती बोलण्याची. माहेर औंधाजवळचं. चौथीनंतर शाळा सुटली आणि घरातल्या कामात माझं बोलणंही कमी होत गेलं. सासरी तर न बोलण्याचीच रीत होती. सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नाही. पदर पुढे ओढायचा आणि सांगायचं ते सासूकरवी सांगायचं. मांडीवर मूल आलं की मग त्याला सांगायचं, "आजोबांना म्हणावं, भाकरी वाढलीय." सासरे ते ऐकत आणि उत्तरही मुलालाच देत. इतर सुनांना याचा जाच वाटायचा. मला मात्र त्या रीतीमागं लपायला बरं वाटायचं.

आमची वस्ती सहा घरांची, सगळी मेंढरांची माणसं. दिवाळी झाली की कर्ती माणसं मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला, सांगलीकडच्या रानांत जात आणि पावसाच्या तोंडावर परत येत. त्या वर्षी माझे मालक असेच बाहेर होते. घरात सासरे म्हणजे मामंजी, सासू म्हणजे आत्याबाई, मी आणि माझा दहा महिन्यांचा मुलगा. मामंजींचा गुडघा धरला होता म्हणून ते मागे राहिले होते. सगळ्या वस्तीच्या मेंढरांना सुई तेच टोचायचे. जनावरांच्या दवाखान्यातून लसीची बाटली आणायची, काचेची पिचकारी उकळायची आणि एकेक मेंढरू पायांत धरून टोचत सुटायचं. उरलेली बाटली पाण्याच्या डेऱ्याखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवायची. उन्हाळ्यात आमच्याकडे थंड जागा तेवढीच. ती वाळू ओली ठेवायचं काम माझ्याकडे होतं.

महिन्यातून एकदा नर्सबाई यायच्या. आमच्याकडे एस.टी. येत नव्हती, म्हणून उन्हाळ्यात त्या पाण्याच्या टँकरमधून, ड्रायव्हरशेजारी बसून, बर्फाचा निळा डबा मांडीवर घेऊन येत. त्या दिवशी गोवराची लस होती. आमच्याच पुढच्या सोप्यात बसून त्यांनी तयारी केली. मी जवळच डब्याचं झाकण धरून बसले होते, म्हणून मला सगळं दिसलं. करंगळीएवढी बाटली, वर रबराचं बूच, बुचावर पत्र्याची टोपी. आत औषध नव्हतंच, तळाला पांढरी कोरडी भुकटी चिकटलेली. बाईंनी दुसऱ्या काचेच्या नळीचं तोंड मोडलं, त्यातलं पाणी पिचकारीत ओढलं आणि बुचातून बाटलीत सोडलं. भुकटी विरघळून गेली.

"कोरडी असते तोवर टिकते," बाई म्हणाल्या. "पाणी घातलं की आजच्या आजच संपवायची. दुपार टळली की टाकून द्यायची."

मी काही विचारलं नव्हतं. कुणीतरी ऐकतंय असं बघून त्या आपणच सांगत होत्या.

"दुसऱ्या लशींत नासू नये म्हणून औषध घातलेलं असतं. हिच्यात ते नसतं. म्हणून ही शिळी झाली की आत किडे धरतात. डोळ्याला दिसत नाहीत, पण विष होतं. एका ठिकाणी पोरं दगावलीत असल्या बाटलीनं."

मग त्यांनी माझ्या मुलाच्या दंडाला सुई टोचली. तो रडला. वस्तीतली आणखी चार मुलं टोचून झाली. बाटली दहा मुलांची होती. तेवढ्यात टँकरच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

"बाई, येताय का? मला अजून दोन खेपा मारायच्यात. न्हाईतर ऱ्हावा हितंच, मेंढरं राखा."

बाई लगबगीनं उठल्या. जाता जाता राहिलेली बाटली त्यांनी माझ्या हातात दिली. "ही फोड आणि खड्ड्यात पूर. विसरू नको."

आणि मी विसरले. टँकर निघायच्या आत घागरी भरून घ्यायच्या होत्या, सगळ्या बायका धावल्या होत्या. मी बाटली कोनाड्यात ठेवली, मुलाला आत्याबाईंकडे दिलं आणि घागरी घेऊन पळाले. पाणी वाहून झालं, भाकरी झाल्या, ऊन उतरायला लागलं तेव्हा आठवण झाली. कोनाड्यात बाटली नव्हती.

मी जमिनीवर शोधली, केरात शोधली. मुलानं तोंडात घातली की काय म्हणून त्याचा जबडा उघडून बघितला. मग वाळू भिजवायला म्हणून डेऱ्याजवळ वाकले, तर पत्र्याची टोपी वाळूतून वर दिसली.

"हात लावू नगंस तिला," आत्याबाई दारातून म्हणाल्या. "ह्यांनी ठिवलीया. उद्या तुझी वन्सं येतीया न्हवं? तिच्या पोराला टोचायची."

"बाई म्हणाल्या, टाकून द्यायची," मी म्हणाले. माझा आवाज मलाच कसाबसा ऐकू आला.

"तिला काय जातंय टाकायला. सोन्यावानी औषध वतून टाकतंय व्हय कुणी? निम्मी बाटली हाय अजून. तिच्या गावात कुत्रं बी फिरकत न्हाई सुई घिऊन."

आत्याबाईंचं काय चुकत होतं? वन्संची पहिली मुलगी आदल्या उन्हाळ्यात गोवरानं गेली होती. अंगावर पुरळ आलं, देवीचा कोप म्हणून कडुनिंबाच्या पाल्यावर निजवलं, पाचव्या दिवशी छातीत कफ भरला आणि संपलं. आत्याबाई तिथं होत्या. आता त्या मुलीच्या पाठचा मुलगा नऊ महिन्यांचा झाला होता आणि घरात गोवराची लस होती. ती बाटली त्यांना वाळूत सापडलेल्या दागिन्यासारखी वाटत असणार.

मी बाटली उचलून त्यावरची चिठ्ठी बघितली. इंग्रजी अक्षरं. चौथीपर्यंत आम्हाला इंग्रजी नव्हतं. आकडे तेवढे ओळखले, पण ते कशाचे ते कळेना. औषध तर अगदी स्वच्छ होतं. नासलेलं दूध दिसतं, वास येतो. हिच्यात काहीच दिसत नव्हतं आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मनात आलं, गुपचूप फोडून टाकावी. मग वाटलं, बाईंनी उगीच घाबरवलं असेल तर? मी बाटली फोडली आणि वन्संच्या मुलाला गोवर निघाला, तर? वन्संचं दुसरं मूलही गेलं आणि ते माझ्यामुळं, असं सगळे म्हणतील, आणि ते खरंच असेल. मामंजी इतकी वर्षं मेंढरांना वाळूतल्या बाटलीतली सुई टोचत होते. त्यांना कळत नाही आणि मला कळतं, असं मी कोण? बाटली परत वाळूत ठेवली. त्या रात्री औंधाच्या यमाईला म्हटलं, वन्संची गाडी चुकू दे.

गाडी चुकली नाही. ऊन तापायच्या आतच वन्सं फाट्यावरून चालत आल्या, मुलगा पाठीला बांधलेला. गुटगुटीत होता, हसरा होता. मामंजींनी त्याला वर उचललं.

"आला का गं वाघ? आज वाघाला सुई टोचायची. बघू डरकाळी फोडतोय का बकऱ्यावानी बें करतोय."

"आबा, तुमचा हात जनावराचा," वन्सं म्हणाल्या. "माझ्या पोराला मान दाबून टोचशीला."

"मेंढराला कधी रडू दिलंय का मी?"

सगळे हसले. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. "हिचं त्वांड का उतारलंय? म्हायेरास्नं सांगावा आलाय काय?"

चुलीवर पिचकारी उकळायला ठेवलेली होती. पाण्यात काच काचेवर आपटत होती, तो आवाज मला सगळ्या घरात ऐकू येत होता. मामंजींनी वाळूतून बाटली काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली. वन्सं मुलाला मांडीवर घेऊन सोप्यात बसल्या, त्याचा सदरा वर केला. मी उंबऱ्याच्या आत माझ्या मुलाला घेऊन बसले होते.

मुलाच्या कानाशी तोंड नेऊन मी म्हणाले, "आजोबांना सांग, बाई म्हणाल्या, कालची बाटली आज चालत नाही."

कुणी ऐकलं नाही. मामंजी बुचात सुई घालत होते. मी पुन्हा तेच म्हणाले, जरा मोठ्यानं.

मामंजींनी मान वर केली नाही. "नातवा," ते म्हणाले, "तुझी आई डाक्टरीण कवा झाली ते तेवढं इचार."

वन्सं हसल्या. पिचकारीत औषध चढत होतं. मुलाला मी इतकं घट्ट धरलं होतं की तो कुरकुरायला लागला. मग माझ्या तोंडून शब्द निघाले ते मुलाला उद्देशून नव्हते.

"मामंजी, विष झालंय त्याचं."

आत्याबाई म्हणाल्या, "सासऱ्याच्या तोंडावर बोलतीया. लाज न्हाई." पण वन्संनी मुलाचा सदरा खाली ओढला होता.

मामंजी पिचकारी हातात धरून तसेच बसले. जमिनीकडे बघत त्यांनी विचारलं, "कशानं हुतं?"

मी बाईंनी सांगितलं ते सगळं सांगितलं. भुकटी कोरडी असते तोवर टिकते. पाणी घातलं की दुपारपर्यंत. हिच्यात नासू नये म्हणून घालायचं औषध नसतं. किडे दिसत नाहीत. एका ठिकाणी पोरं दगावली. एवढं सलग मी त्या घरात कधी बोलले नव्हते. बोलताना मी पदराच्या आत रडत होते, ते त्यांना दिसलं नसेल.

मामंजींनी पिचकारी खाली ठेवली. मग आत्याबाईंकडे वळले.

"मागल्या साली मेंढरास्नी देवीची सुई टोचली तवा मेल्याली कोकरं आठवतात का गं? ती बी भुकटीचीच हुती. पैल्या दिशी मोठी मेंढरं झाली आन् दुसऱ्या दिशी उरल्यालं कोकरांना टोचलं."

"त्यास्नी तर करणी केली हुती," आत्याबाई म्हणाल्या. "खालच्या वस्तीवाल्यानं."

"मानंला जितं सुई टोचली तितंच सुजून काळी पडली हुती. आन् मोठं एक बी मेलं न्हाई."

त्या कोकरांवरून मामंजींनी खालच्या वस्तीच्या माणसाशी वर्षभर बोलणं टाकलं होतं. ते उठले, गुडघ्यावर हात देऊन, आणि पिचकारीतलं औषध, बाटली, सगळं घेऊन घरामागं गेले. दगडानं काच फुटल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा हाताला माती होती. पिचकारी पुन्हा चुलीवर ठेवून ते माझ्या मुलाला म्हणाले, "तुझ्या आईला इचार, आता म्होरं काय करायचं."

मी काही सांगायच्या आत वन्सं माझ्यापाशी आल्या. "वयनी, तुमाला कालधरनं ठावं हुतं?"

मी होकाराची मान हलवली.

"आन् सुई भरूस्तवर गप बसलात?"

मी मुलाला उचलून खांद्यावर घेतलं. आजही मनात येतं, मामंजींनी पिचकारी आणखी जरा भरभर भरली असती, तर?

मोठ्या गावच्या सरकारी दवाखान्यात आठवड्याला एक दिवस लस टोचायचे. त्या दिवसापर्यंत वन्संना ठेवून घेतलं. त्या म्हणाल्या, वयनी आल्या तरच जाईन. आम्ही दोघी टँकरमधून गेलो. तिथं त्याच बाई होत्या. मला बघून त्यांनी पहिलं विचारलं, "बाटली पुरलीस ना?"

"पुरली," एवढं म्हणून मला थांबता आलं असतं. वन्सं शेजारी उभ्या होत्या. मी सगळं सांगितलं. बाई रागावतील म्हणून मी खाली बघत होते. त्या रागावल्या नाहीत. खुर्चीवर बसल्या आणि कपाळाला हात लावला.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "मीच फोडायला पाहिजे होती. टँकरच्या घाईत..."

नंतर त्यांनी डब्यातून नवी बाटली काढली. वन्संनी मुलाला घट्ट धरलं, पण सदरा वर करेनात. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी बाटली मागून घेतली. तळाला भुकटी कोरडी होती, पत्र्याची टोपी शाबूत होती. चिठ्ठी मला वाचता येत नव्हती ती नव्हतीच. बाईंनी माझ्यासमोर पाण्याच्या नळीचं तोंड मोडलं. मी वन्संना मान हलवून दाखवली, आणि मान हलवताना मला पुन्हा तीच भीती वाटली, की आता काही झालं तर ते माझ्या शब्दावर होईल.

बाईंनी सांगितलं होतं, आठवड्यानं थोडा ताप येईल, बारीक पुरळही उठेल, घाबरू नका. वन्सं तोवर आमच्याकडेच राहिल्या. ताप आला. छातीवर बारीक पुरळही दिसलं, आणि ते बघून आत्याबाई कडुनिंबाचा पाला आणायला उठल्या. मी म्हणाले, हे बाईंनी सांगितलंय. त्या पुन्हा बसल्या. दोन दिवस वन्सं आणि मी आळीपाळीनं त्याच्या कपाळाला हात लावत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी अंग गार लागलं. वन्संनी माझा हात ओढून त्याच्या कपाळावर ठेवला, मग पोटावर, मग तळपायांवर. सगळीकडे गार होतं, आणि पोर पाय झाडत हसत होतं. तरी वन्सं त्या दिवशी गेल्या नाहीत. आणखी एक दिवस थांबल्या.