मधमाश्यांच्या तासाला

माझ्या लेकीनं, मुंबेनं, पुढच्या शिक्षणाच्या फॉर्मवर ‘मधमाशीपालन’ लिहिलंय आणि खाली आईची सही हवीय. तो फॉर्म घेऊन कटुंगे सकाळपासून माझ्या कापडाच्या टपरीत ठाण मांडून बसलीय. ती आमच्या भागाची मधमाशी अधिकारी. मी सही का करत नाही ते तिला चांगलं ठाऊक आहे.

किटुई गावच्या शाळेत आम्ही दोघी एका बाकावर होतो. शेतीच्या तासाला मी पहिली, ही शेवटची. वाफ्यांपलीकडे मधमाश्यांच्या पेट्या होत्या, आणि कटुंगे तिकडे पाठ करूनच घेवडा खुरपायची. ‘भित्री भागूबाई’ म्हणून तिला मीच चिडवायचे. मला शेतकी अधिकारी व्हायचं होतं. हिला कुठलीही नोकरी चालली असती, फक्त चार भिंतींच्या आतली हवी होती.

परीक्षेला शहरातून परीक्षक येणार होते. शेतीचे मुसेंबी सर आठवडाभर बजावत होते, “साबण नको, तेल नको, अंगाला कसलाही वास नको, माश्या चवताळतात.” पण पाहुण्यांसमोर कोरड्या, पांढरट पायांनी उभं राहायचं? आमच्याकडे लोक त्यावरून आईचा उद्धार करतात. मी गुपचूप गुलाबाच्या वासाचं मलम गुडघ्यांपर्यंत चोपडलं. एवढी शहाणी मी.

पेटी उघडायला जोडी आमचीच. मी झाकण उचललं आणि आतली गुणगुण एकदम बदलली. पहिला डंख पोटरीवर बसला, मग मोजायची सोयच राहिली नाही. मी किंचाळले, हात झाडले, जे करू नये ते सगळं केलं. परीक्षक पळाले, पोरी पळाल्या, सर लांब झाडापाशी उभे राहून नुसते ओरडत होते. कानात माश्या, नाकात माश्या. आपण मरणार हे मला कळत होतं, आणि आता आईला कोण सांगणार एवढंच सुचत होतं.

तेवढ्यात धूर आला. धुराचा डबा दाबत कटुंगे माझ्याकडे येत होती, रडत, दात वाजत, स्कर्ट ओला झालेला.

“हात झाडू नकोस. डोळे मिट आणि चल.”

तिनं मला अवजारांच्या खोलीत ओढलं, दार लावलं आणि नखानं एकेक काटा खरवडून काढला. स्वतःचे मात्र तसेच ठेवले.

मी पंधरा दिवस दवाखान्यात होते. त्यानंतर वाफ्याकडेही फिरकले नाही. आणि ह्या बाईनं स्वतःच्या फॉर्मवर मधमाश्या लिहिल्या. मला वाटलं, हिचं डोकं फिरलं.

“आता माझी पोर न्यायचीय तुला?” मी आज तिच्यावर खेकसले. “तुझी भीती गेली असेल गं.”

“कुठली जातेय. म्हणून तर निघण्याआधी दहादा अंगाचा वास घेऊन बघते.”

“आणि मुंबे?”

“परवा नेलं होतं पेटीपाशी. माश्या उठल्या तशी रडायला लागली. घरी जायचं म्हणाली.”

“मग?”

“मग म्हणाली, आधी झाकण नीट लावू या.”

मी पेन घेतलं. सही करायला गेले तर कागद सरकायला लागला. कटुंगेनं तो दोन्ही हातांनी दाबून धरला.