वजनवाला, पर्चीवाला अन् मधला पाईप

माझी बायको जाऊन दोन वर्षं होत आली. तिच्यासाठी रडायचं ते रडून झालं, अजूनही रडतो. पण आज मले तिची खुशीची गोष्ट लिहायची आहे. मी चौथी नापास माणूस. चुका निघतील. निघू द्या.

तेव्हा भिलाई मध्यप्रदेशात होतं. आम्ही कॅम्प-१ मध्ये राहायचो. मी स्टील प्लांटात खलाशी, म्हणजे हेल्पर, शिफ्टची ड्यूटी. ती बारावी पास, वरून कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. सुपेला वस्तीच्या पुढं ट्रक तोलायच्या एका धरमकाट्यावर ती कच्च्या नोकरीत लागली. ट्रक काट्यावर चढला की खिडकीतला बाबू वजन कॉम्प्युटरात टाके, मग तेच चिठ्ठीवर लिहून आत पाठवे. आत ही बसलेली. ती ते वजन पुन्हा टाईप करून ड्रायव्हरची पर्ची छापे.

"मशीन एक, पडदे दोन," ती म्हणे, "मंग चिठ्ठी कशाले फिरवता?"

मालक म्हणाला, करून दाखव. शनिवारपर्यंत खिडकीतलं वजन आपोआप आत येऊन पर्ची निघाली तर नोकरी पक्की. नाही तर तिच्या जागी त्याच्या मेव्हण्याची पोरगी यायची होतीच.

तिनं दोन प्रोग्राम लिहिले. एक वजनवाला, एक पर्चीवाला. वजनवाला एका फाईलमध्ये लिही, पर्चीवाला तिथून वाची. पहिल्याच दिवशी एका ट्रकाच्या तीन पर्च्या निघाल्या. ड्रायव्हर म्हणाला, "भाभी, मेरी तो एक ही गाड़ी है, तीन कब से हो गई?" घरी येऊन ती रडली नाही. भांडे आपटले.

मग मशीनच्या जाडजूड पुस्तकात तिले पाईप सापडला, म्हणजे एका प्रोग्राममधून दुसऱ्यात माहिती न्यायची वाट. एक ओळ टाईप करायची की तयार, अन् त्याले नाव द्यायचं. पोळी वाढता वाढता मले समजावून राहिली होती.

"फाईलमधलं पडून राहते, म्हणून पुन्हा पुन्हा वाचल्या जाते. पाईपात तसं नाही. इकडून टाकलं, तिकडून घेतलं, संपलं."

"मंग नाव कशाले पाहिजे?"

"दोघं प्रोग्राम एकमेकाले ओळखत नाहीत ना. नाव माहीत असलं की दोघंही तिथंच येतात."

नाव ठेवलं भोंगा. मी हसलो तर म्हणे, तुम्ही प्लांटवाले दुसरं काही ऐकता का?

शनिवारी ती डबा घरीच विसरली. मी फर्स्ट शिफ्ट करून आलो, डबा घेतला अन् सायकलनं काट्यावर पोचलो. मालक चार वाजता येणार होता, अन् ही खिडकीतल्या पडद्यापुढं, चेहरा उतरलेला.

"वजनवाला सुरू केला की तिथंच अटकते. ना एरर, ना काही. दहा वेळा बंद करून पाहिला."

"पर्चीवाला कुठं आहे?"

"तो नाही सुरू केला अजून. आधी हा तं चालू दे!"

"मंग हा वजन कोणाच्या हाती देईल? आमच्यात पुढच्या शिफ्टचा रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडता येत नाही. शिफ्ट संपली तरी माणूस उभाच राहते. हा बिघडला नाही, रिलीव्हरची वाट पाहून राहिला."

"तुम्ही चूप बसा. डबा ठेवा अन् जा."

मी गेलो नाही. तिनं वजनवाला तसाच चालू ठेवला. मग उठून आत गेली, पर्चीवाला सुरू केला. प्रिंटर करकरला. एकच पर्ची निघाली. ती अशी ओरडली की काट्यावरचा ड्रायव्हर खाली उतरला.

मालक आला. तीन ट्रक चढले, तीन पर्च्या निघाल्या. त्याचा भरोसा बसेना. त्यानं स्वतः आतला प्रोग्राम बंद केला अन् चौथ्या ट्रकाचं वजन टाकायले लावलं. खिडकीतला पडदा थांबला.

"देखा? अटक गया!"

"अटका नहीं, सेठजी," ही ऐटीत म्हणाली, "रिलीवर नहीं आया है."

तिनं पर्चीवाला पुन्हा सुरू केला, अन् थांबलेली पर्ची निघाली. मालकानं ती उलटीपालटी करून पाहिली. "ठीक है. सोमवार से पक्की."

तो गेल्यावर मी म्हटलं, "रिलीव्हरची गोष्ट माझी होती."

"पाईप माझा होता," म्हणे, अन् उभ्याउभ्याच डब्यातली थंडी भाजी खाल्ली.

निघताना बाबूले मस्ती सुचली. त्यानं आम्हा दोघाले सायकलसकट काट्यावर उभं केलं अन् वजन टाकलं. आत प्रिंटर वाजला. ही पळत जाऊन पर्ची घेऊन आली. एकशे चाळीस किलो.

"एवढं कसं?" ती बाबूवर चिडली. "सायकल मोजली का दोनदा?"