नवी म्हणून धाडलेली जुनी सीडी

सांगायला बसलोय खरा, पण जीभ रेटत नाही. बायकोला हे ठाऊक नाही, भावाला नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी कळायला हवं होतं त्याला तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही त्याला ओळखत नाही म्हणून. एवढंच.

एक आधीच सांगून ठेवतो. मी डूख धरणारा माणूस आहे. कुणी चारचौघांत माझा पाणउतारा केला की वर हसतो, चहासुद्धा पाजतो — आणि आत ते जपून ठेवतो. लोक म्हणतात राग निवतो. कुणाचा निवतो बुवा? माझा तर नाही.

वडील दौंडला रेल्वेत होते. मी स्टेशनाजवळच्या एका दुकानात लग्नपत्रिका टाइप करायचो. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' इतक्या वेळा टाइप केलंय की बोटं झोपेतही तेच बडवतील. खिशाखिशात मोबाइल नव्हते तेव्हाची ही गोष्ट. शाळांना नुकतेच कॉम्प्युटर मिळाले होते, आणि बहुतेक शाळांत ते चादरीखाली झाकून ठेवलेले असायचे. एका हेडमास्तरांनी तर समोर रोज उदबत्ती लावायची पद्धत पाडली होती. चालू करायची हिंमत मात्र कुणाची नाही.

सुहास शिरूरचा. रांजणगावच्या एमआयडीसीतली चांगली नोकरी सोडून या झाकलेल्या कॉम्प्युटरांच्या मागं लागलेला. त्याच्या डोक्यातून 'ओसरी' निघाली — शाळेतल्या पोरांसाठी मराठीतला प्रोग्राम. गणितं, शुद्धलेखन, बाईंना निकालपत्रक. फुकट वाटायचा, आणि आतलं सगळं उघडं ठेवायचं. ज्याला येतंय त्यानं बघावं, दुरुस्त करावं, पुढं द्यावं. शिरूर आणि दौंड तालुक्यांतले आम्ही चार-पाच जण रविवारी त्यासाठी खपायचो. त्यातलं मराठी टायपिंग माझं. ळ कुठल्या बटणावर, जोडाक्षर कसं फुटणार नाही — डोळ्यांचं पार भुस्कट पाडून केलेलं माझं काम.

शाळांत इंटरनेट कुठलं? सीडी मारायचं यंत्र आमच्या दुकानात होतं, मालक भला होता. म्हणून पद्धत अशी पडली — शिक्षक सुहासला चुका सांगायचे, सुहास दुरुस्ती करून मला मेल करायचा, मी सगळं एकत्र लावून नवी सीडी मारायचो. दौंडच्या शाळांना मी हातानं नेऊन द्यायचो. शिरूरचं पुडकं चौफुला-न्हावऱ्यावरनं जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडं. सीडीवर मार्करनं 'नवी' असं लिहायचो. सगळा कारभार भरवशावर. माझ्या हातातनं गेल्याशिवाय एकाही शाळेत काही पोचत नव्हतं, हे तेव्हा कुणाच्या ध्यानातही नव्हतं. माझ्याही नव्हतं — त्या कार्यक्रमापर्यंत.

शिरूरकडच्या एका शाळेत कॉम्प्युटरच्या खोलीचं उद्घाटन होतं. मांडव, माइक, पाहुणे, सगळा थाट. सुहासला शाल-श्रीफळ. मग तो माइकवर बोलायला उभा राहिला. मराठी टायपिंग 'आम्ही' कसं केलं ते सांगितलं. आम्ही! मी पहिल्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बसलेलो. वाटलं, आता आपलं नाव घेईल. त्यानं माझ्याकडं हात केला आणि म्हणाला, "आन् हे आमचे दौंडचे सीडीवाले!" लोक हसले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला एक गुलाबाचं फूल मिळालं.

मीही हसलो. ते फूल परतीच्या एसटीत खिडकीतनं फेकून दिलं. सीडीवाला काय? थांब म्हटलं. सीडीवाला काय करू शकतो ते तुला दाखवतो.

आता सांगतोच. पुढच्या खेपेपासून दौंडच्या शाळांना मी खरी नवी सीडी द्यायचो आणि शिरूरला जुनीच मारून पाठवायचो. पहिल्या पडद्यावरचा आवृत्तीचा आकडा तेवढा बदलायचा, वर मार्करनं ठळक 'नवी'. बस्स. काही मोडलं नाही, काही बिघडवलं नाही. फक्त दुरुस्ती पोचू दिली नाही. आणि मजा बघा — आतलं सगळं उघडं होतं. कुणीही उघडून बघितलं असतं तर मी जागच्या जागी सापडलो असतो. कुणी बघितलं नाही. माझ्यावर अविश्वास कोण दाखवणार?

सुहास दुरुस्ती करायचा, शाळेतनं तीच तक्रार परत यायची. तो परत करायचा, परत तीच. फोनवर रडकुंडीला यायचा — "आरं, हे म्या केलं हुतं की! परत कसं आलं?" मी म्हणायचो, बघ बाबा, तुझ्याकडंच नजरचूक होत असेल. फोन ठेवला की असं गार गार वाटायचं म्हणून सांगू! खोटं कशाला बोलू? मला त्या दिवसांत झोप फार छान लागायची.

एक चूक गणितातली होती. वजाबाकीच्या उत्तरात मधे शून्य आलं की प्रोग्राम बरोबर उत्तराला चूक म्हणायचा. पडदा लाल व्हायचा. पोरानं तीनशे पाच लिहिलं, बरोबर लिहिलं, तरी लाल. ही चूक सुहासनं पहिल्याच तक्रारीला काढली होती. दौंडच्या पोरांना ती परत कधी दिसली नाही. शिरूरच्या पोरांना वर्षभर दिसत राहिली. मला ते माहीत होतं? होतं. अगदी पक्कं माहीत होतं.

मग शिरूरला तालुक्यातल्या हेडमास्तरांची बैठक लागली. सगळ्या शाळांनी 'ओसरी' घ्यायची की नाही ते ठरणार होतं, आणि घेतली तर सुहासला त्या शाळांत कॉम्प्युटरचं कायमचं काम मिळणार, असंही ठरत आलेलं. नोकरी तर त्यानं आधीच सोडलेली. त्याचं सगळं त्या एका बैठकीवर. मी मुद्दाम गेलो. मागं भिंतीला टेकून उभा राहिलो.

घोडनदीकाठच्या एका गावातल्या कांबळे बाई बोलायला उठल्या. सुहासची बाजू घेऊन वर्षभर भांडलेली ही बाई. त्या म्हणाल्या, "सुहास सर, किती वेळा सांगितलं मी तुम्हाला? आता माझी पोरं बरोबर आलेलं उत्तर पुसून चुकीचं लिहायला लागलीत. कॉम्प्युटर म्हणतो म्हणजे आपलंच चुकत असणार, असं म्हणतात."

सुहासचं तोंड पांढरंफटक पडलं. तो वळला आणि मला शोधलं त्यानं. "तू सांग की ह्यांना. आपण दुरुस्त केलं हुतं का न्हाई?"

या क्षणाची मी वर्षभर वाट बघत होतो. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मला काय ठाऊक? मी आपला सीडीवाला."

दोघं-तिघं हसले. तिथंच 'ओसरी' संपली. शिरूरनं सोडली, मग कुणाला उत्साह राहिला नाही, दौंडच्या शाळांतही कॉम्प्युटरवर परत चादरी पडल्या. सुहास रांजणगावला परत गेला, पण जुनी जागा कोण ठेवतोय? पॅकिंगला लागला, शिफ्टमध्ये.

बरीच वर्षं गेली. मागं एकदा तो दौंड स्टेशनावर भेटला, पुण्याच्या गाडीची वाट बघत होता. केस गेलेले. मला बघून उठला, हात धरून बाकड्यावर बसवलं. म्हणाला, "तुला तवा सीडीवाला म्हनलो, ते तुला लागलं हुतं. बैठकीत तू बोललास तवा कळलं मला. निम्मं काम तुझं, आन् म्या चेष्टा केली. चुकलं माझं, लई चुकलं." त्याचे डोळे भरले होते.

बघा, हवं होतं ते सगळं मिळालं की मला! माफीसुद्धा. तोंड उघडायला याहून सोपी वेळ कुठली असणार होती?

मी म्हणालो, जाऊ दे रे.

त्यानं डोळे पुसले. मग म्हणाला, "एक मातर अजून डोक्यातनं जात न्हाई. त्या चुका म्या काढल्या हुत्या. शपथेवर सांगतो, काढल्या हुत्या. मग परत कशा यायच्या?"

गाडी लागत होती. त्यानं पिशवी खांद्याला लावली, पण उत्तरासाठी थांबून राहिला.

"तुझंच कुठंतरी चुकत असणार," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. त्याला ते पटलं होतं.