झोळीची दोरी आणि आगबोट

समस्त लहानथोरांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, लोणावळ्याच्या माणसालाही हवापालट लागतो. वाचणाऱ्याच्या हातात कपबशी असेल तर ती त्याने खाली ठेवावी, आणि मुंबईकर असेल तर भिंतीला टेकून बसावे.

कारण मुंबईकरांना हे पटायचे नाही. आमच्या तरुणपणी ही मंडळी पिठासारखे चेहरे घेऊन लोणावळ्याला उतरत, बंगले भाड्याने घेत, गळ्याला मफलर गुंडाळून वळवणच्या धरणापर्यंत फिरत आणि महिन्याभराने गाल लाल करून परत जात. तीच हवा आम्ही बारा महिने फुकट खात होतो. म्हणून वैद्यबुवांनी आमच्या बायकोची नाडी पाहून, डोळे मिटून, "हिला हवापालट हवा," असे सांगितले, तेव्हा मी मागे वळून पाहिले. म्हटले, दुसऱ्याच कोणाशी बोलत असतील.

"बुवा, लोक हवापालटाला इथं येतात. आम्ही कुठं जायचं?"

वैद्यबुवांपुढे हा पेच पूर्वी कोणी टाकलेला नसावा. त्यांनी खल पुढे ओढला, त्यात थोडा वेळ पाहिले आणि म्हणाले, "खाली. घाट उतरा."

आजार म्हणावा तर तो आजार नव्हता. तिला झोप हवी होती. आमची मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती आणि जन्मल्यापासून तिचा एक नियम होता. झोळी हलत असेल तरच निजायचे. झोळी म्हणजे आढ्याला दोरीने टांगलेले जुने लुगडे. तिला दुसरी एक दोरी बांधायची आणि तिचे टोक आईने पायाच्या अंगठ्यात अडकवायचे. मग आई हातांनी तांदूळ निवडते, शिवते, वाती वळते आणि पाय आपला झोके देत राहतो. मावळात घरोघर असेच चालते. पण घरोघरच्या पोरी एकदा निजल्या की निजतात. आमची पोरगी, पाय थांबला की डोळे उघडायची, आणि डोळ्यांपाठोपाठ तोंड.

त्यामुळे बायको डोळे मिटायची, पण पायाला सुट्टी नव्हती. पाय थांबेल या धाकाने तिला झोपच लागत नसे. पुढे पुढे दोरी नसतानाही तिचा पाय हलू लागला. वाण्याच्या दुकानात उभी असली तरी अंगठा आपला वर-खाली. मी एकदा मोठ्या उदारपणे दोरी माझ्या अंगठ्याला बांधून घेतली. त्यानंतर काय झाले ते मला सांगता येणार नाही, कारण मी लगेच झोपलो. शेजाऱ्यांना मात्र सांगता येईल.

आता घाट उतरून जायचे कुठे? याचे उत्तर मला मळवलीने दिले. बायकोचे माहेर वडिवळ्याचे, त्यामुळे कामशेतपर्यंत आमची ये-जा असायची. लोणावळ्याहून गाडी सुटली की पोरगी गाढ झोपे. पुढचे स्टेशन मळवली. गाडी थांबली की पोरगी जागी. गाडी सुटली की पुन्हा झोप, आणि कामशेतला पुन्हा जाग. एकदा मळवलीच्या फलाटावर तिचे रडे ऐकता ऐकता मला साक्षात्कार झाला. दोष पोरीचा नव्हता. दोष स्टेशनांचा होता! जिला वाटेत स्टेशनेच नाहीत अशी गाडी पाहिजे.

मी तेव्हा लोणावळा स्टेशनवर पार्सलच्या खिडकीत कामाला होतो. घाटात नुकत्याच विजेच्या गाड्या सुरू झाल्या होत्या. माझ्या शेजारी रत्नागिरीकडचा एक कारकून बसायचा. त्याला मी विचारले, "तुमची आगबोट वाटेत कितीदा थांबते हो?"

"भाऊच्या धक्क्यावरून सुटली की हर्णैपर्यंत थांबायचं नाव नाही," तो अभिमानाने म्हणाला. "सकाळी सुटते ती दुपार कलेपर्यंत नुसती चालत राहते."

मी खिडकी बंद केली आणि रजेचा अर्ज लिहायला घेतला. रत्नागिरीला त्याच्या भावाकडे दोन रात्री उतरायचे आणि त्याच बोटीने परत यायचे, असा बेत ठरला. स्टेशनभर बातमी झाली.

"कोण आहे तिकडं तुमचं?" तिकिटवाल्याने विचारले.

"कोणी नाही."

"मग देव असेल."

"देवही नाही."

"कोर्टाचं काम?"

"बोटीत बसायला चाललोय."

"नुसतं बसायला? तान्ह्या पोरीला घेऊन?"

"नुसतं बसायला. जमलं तर निजायला."

त्या दिवसापासून तो माझ्याशी जरा हळू आवाजात बोलू लागला.

खरी परीक्षा सासूबाईंची होती. मी त्यांना मामी म्हणत असे. भाताची झोडणी उरकून त्या आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी आयुष्यात मोठे पाणी पाहिले होते ते वळवणच्या धरणाचे. म्हणून मी त्यांना धरणावर घेऊन गेलो आणि हात पसरून म्हणालो, "समुद्र म्हणजे असं पाणी, पण पुष्कळ मोठं."

मामींनी पाण्याकडे पाहिले, मग धरणाच्या भिंतीकडे पाहिले. "आन् त्येची भित कुटं हाय?"

"समुद्राला भिंत नसते, मामी."

"बिनभितीचं पानी?" त्या कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळल्या. "आन् तितं तुमी माजी नात न्येनार?"

अशा रीतीने मामी आमच्याबरोबर आल्या. त्यांचा समुद्रावर विश्वास नव्हता, आणि माझ्यावर तर त्याहून नव्हता. त्यांनी बरोबर भाकऱ्यांचे गाठोडे घेतले, झोळीचे लुगडे आणि दोरी घेतली, आणि एक इरलेही घेतले. भात लावताना पावसात डोक्यावरून पाठीवर घ्यायचे पानांचे इरले, ऐन कोरड्या माघ महिन्यात! मी हसलो तेव्हा त्या म्हणाल्या, "पान्यात जायचं न्हवं?" मी इरले उचलून सामानात ठेवले.

मुंबईपर्यंत पोरगी खंडाळ्याला उठली, कर्जतला उठली, आणि पुढे ज्या ज्या स्टेशनावर गाडी थांबली तिथे उठून तिने सगळ्या डब्याला त्याची खबर दिली. धक्क्यावर पोचलो तेव्हा बायकोचे डोळे इतके खोल गेले होते की समुद्र समोर असून तिने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तिने फक्त विचारले, "ही थांबणार नाही ना?"

"हर्णैपर्यंत नाही," मी छाती पुढे काढून म्हणालो. जणू बोट मीच हाकणार होतो.

आमची तिकिटे डेकची होती. वर ताडपत्रीचे छत आणि खाली ज्याची त्याची सतरंजी. कोकणातली कुटुंबे ट्रंका आणि बोचकी मांडून अशी ऐसपैस बसली होती की लग्नघराची ओसरीच वाटावी. मामींनी बसायला जागा शोधलीच नाही. त्या मान वर करून आढे शोधत होत्या. ताडपत्रीखाली एक लोखंडी नळी आडवी गेलेली दिसली, तशी त्यांनी दोरी वर फेकून झोळी टांगली. पोरीला आत घातले, तोच एक खलाशी धावत आला.

"ओ मावशी, ही नळी झोळीसाठी नाय!"

"मंग कशासाठी हाय?"

"ताडपत्रीसाठी."

"ताडपत्री रडतीया व्हय?"

नेमक्या त्याच वेळी पोरीने गळा काढला. खलाशाने तो ऐकला, नळीला हात लावून ती पक्की आहे का पाहिली, आणि निघून गेला.

बायकोने दुसरी दोरी अंगठ्यात अडकवली आणि झोके द्यायला सुरुवात केली. भोंगा झाला, बोट सुटली आणि बंदराबाहेर पडताच डुलू लागली. आणि मी अशी एक गोष्ट पाहिली की तिचे कोडे मला आजही पुरते सुटलेले नाही.

बोट एका अंगाला कलली की झोळी दुसरीकडे जाताना दिसे. बोट सावरली की झोळी माघारी. मी खिशातली किल्ली दोऱ्याला बांधून शेजारी टांगली. तिचेही तेच. मग मी झोळीच्या पलीकडे, आभाळ टेकते तिथली समुद्राची रेघ धरून पाहू लागलो, तेव्हा माझी मती गुंग झाली. त्या रेघेच्या हिशेबाने झोळी जवळजवळ जागची हलतच नव्हती! हलत होतो ते आम्ही. ट्रंका, बोचकी, कोकणातली कुटुंबे, लोखंडी नळी, सगळी बोट त्या झोळीभोवती झोके घेत होती.

हा शोध मी मोठ्याने जाहीर केला. शेजारच्या सतरंजीवरचे एक चष्मेवाले गृहस्थ म्हणाले, "छे! हलते ती झोळीच. डोळ्यांना दिसत नाही का?" त्यांच्या पलीकडच्या बाई माझ्या बाजूच्या निघाल्या. डेकवर दोन पक्ष पडले. लोक उठून यायचे, एक डोळा मिटून झोळी आणि समुद्राची रेघ पाहायचे आणि आपले मत देऊन जायचे. मीही पुन्हा पुन्हा पाहिले, आणि फार पाहिल्याची शिक्षा मला लगेच मिळाली. मला बोट लागली. माझा पक्ष कठड्याशी ओणवा झाला आणि चष्मेवाल्यांचा पक्ष जिंकला.

मी लिंबू चोखत परत आलो, तर मामी ओठांवर बोट ठेवून बसल्या होत्या. त्यांनी मला खुणेने बायकोच्या पायाकडे पाहायला सांगितले.

पाय हलत होता. पण तो ती हलवत नव्हती. ती सतरंजीवर आडवी झाली होती, दोरी अजून अंगठ्यातच होती, आणि बोट कलली की झोळीकडून दोरीला हलकी ओढ बसून तिचा पाय आपोआप पुढे जात होता. बोट सावरली की सैल. पुन्हा ओढ, पुन्हा सैल. घरी पाय झोळीला झोके द्यायचा. इथे झोळी पायाला झोके देत होती. बायको गाढ झोपली होती. दीड वर्षानंतर तिचे तोंड जरासे उघडे पडले होते आणि कपाळावरची आठी गेली होती.

"बगा पावनं," मामी अगदी हळू म्हणाल्या, "आज पोरगी आयला निजवतीया." त्यांनी इरले उचलले आणि लेकीच्या तोंडावर येणारे ऊन अडेल असे उभे करून धरले.

त्यानंतर मी त्या डेकचा कोतवाल झालो. चिवडेवाल्याला मी हातवारे करून माघारी फिरवले. चष्मेवाल्या गृहस्थांना शिंक आली ती त्यांनी उपरण्यात दाबली, आणि आमच्यातले वैर संपले. पत्ते खेळणारी मंडळी हळू आवाजात भांडू लागली. "बाई निजलीय हो, दीड वर्षानं निजलीय," अशी कुजबूज डेकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. मघाचा खलाशी चालला होता, तोही चपला हातात घेऊन.

मला धास्ती होती ती भोंग्याची. हर्णै आले की भोंगा होणार, होड्या भोवती जमणार, उतारू आरडाओरडा करणार. मी खलाशाला गाठून विचारले, "आज एक दिवस भोंगा वाजवला नाही तर?"

"मग होड्या येणार कशा, शेट?"

"हातानं बोलवा. रुमाल हलवा."

तो इतका हसला की मलाच त्याला गप्प करावे लागले.

हर्णैचा किल्ला दिसू लागला. सगळा डेक श्वास धरून बसला. कोणी पोरांच्या कानांवर हात ठेवले, मामींनी नातीच्या झोळीवर पदर धरला, मी बायकोच्या कानांशी ओणवा होऊन दोन्ही हातांचे कडे केले.

भोंगा झाला. पोटात घुमेल असा, लांबलचक.

पोरगी निजलेलीच. बायको निजलेलीच. चष्मेवाल्यांनी मला दोन्ही हात जोडून दाखवले. होड्या आल्या, हमाल ओरडले, कोंबड्यांच्या खुराड्यासकट एक आख्खे कुटुंब आमच्या डोक्यावरून उतरले, तरी या दोघी ढिम्म. मी विजयाने उठलो.

आणि मग बोट नांगरावर स्थिरावली. किनाऱ्याच्या आडोशाला पाणी शांत होते. यंत्राची घरघर मंदावली, डुलणे थांबले आणि दोरी सैल पडली.

बायकोचा पाय जागचा थांबला. एकदा हलला. पुन्हा हलला, शोधल्यासारखा. आणि ती ताडकन उठून बसली. केस सुटलेले, डोळे अर्धे मिटलेले. लोणावळ्यात ती माझ्याशी, शेजाऱ्यांशी, वैद्यबुवांशी सगळी शहरी भाषा बोलायची. पण झोपेत माणूस माहेरीच जात असावा. तिने समोर उभ्या असलेल्या त्या खलाशाकडे डोळे वटारून पाहिले आणि साऱ्या डेकला, खालच्या होड्यांना आणि बहुधा हर्णैच्या किल्ल्यालाही ऐकू जाईल अशी ओरडली,

"ए बाबा, कुनी थांबवली रं बोट? हाक म्होरं, पोर उठंल न्हवं!"