उरलेली माती

सातासमुद्रापारच्या बेटावर, बों अक्योय गावातल्या आमच्या मराठी घरी गणपती विकत आणत नसत. मूर्ती थोरले काका घडवत, म्हणजे माती मी मळायची आणि कौतुक त्यांचं व्हायचं. उरलेली माती देवाची, ती विसर्जनाला मूर्तीबरोबर नदीत सोडायची, असा आमच्याकडे नियम. तो कधी पाळायचा आणि कधी नाही, हे काका ठरवत. चुलीला भेग पडली की तीच माती निमूटपणे लिंपली जाई.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी आणि काकांचा मुलगा कॉलेजात, म्हणजे तिकडच्या हायस्कुलात, फॉर्म फाइव्हला, एकाच वर्गात. पुढच्या वर्षीच्या लोअर सिक्सच्या वर्गात सायन्सकडे एकच जागा उरली होती आणि ती आम्हा दोघांनाही हवी होती. काकांनी मला बजावलं होतं, "जागा भेटली तर शीक. न्हाय तर फॉर्म फाइव्ह झालं का भाजीच्या शेतात यायचं." वडील काकांपुढे तोंड उघडत नसत.

केमिस्ट्रीचे सर मराठीच, पण शहरातले. आमच्या खेडवळ बोलीची नक्कल करून वर्गाला हसवायची त्यांना भारी हौस. शिकवत मात्र छान. अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉनच्या जोड्यांना एकमेकींचं तोंड बघवत नाही, म्हणाले. प्रत्येक जोडी दुसरीपासून होईल तितकी लांब सरकते, आणि त्यातून रेणूचा आकार ठरतो. अमोनियात अशा चार जोड्या. तिघींना हायड्रोजन धरून असतो, चौथीला कुणीच नाही. ती आकारात दिसत नाही, पण जास्त पसरते आणि बाकीच्या तिघींना खाली रेटते. मला हे ऐकताक्षणी कळलं. आमच्या घरात वाढलेल्या मुलीला रेटारेटी समजावून सांगावी लागत नाही.

"मिथेन, अमोनिया आणि पाणी, तिघांची मॉडेलं करून आणा," सर म्हणाले. "चतुर्थीनंतर बघेन आणि जागेचं ठरवेन."

मी उरलेल्या मातीचे गोळे केले, खराट्याच्या हिरांनी जोडले. अमोनियाच्या डोक्यावर त्या एकट्या जोडीचा मोठा गोळा थापला. चुलतभावाला जमेना, तेव्हा काका म्हणाले, "त्याचं बी कर." केलं. दोन्ही संच ओसरीच्या कठड्यावर शेजारी शेजारी वाळत ठेवले.

विसर्जनाच्या दिवशी आरती झाली आणि काकांनी माझी तिन्ही मॉडेलं उचलून टोपलीत टाकली. मी धावले. "काका, ती शाळंची हायत!"

"उरलेली माती देवाची हाय."

"मग त्याची?"

"आसे!" काका ओरडले. तिथल्या क्रिओल बोलीत म्हणजे पुरे. लोक जमले होते. नदीत माझा अमोनिया विरघळताना मी बघितला. परत आले तेव्हा भावाचा संच कठड्यावर जसाच्या तसा होता.

सोमवारी सरांनी तो हातात घेऊन सगळीकडून निरखला. खूश झाले. भावाला विचारलं, "अमोनिया सपाट का नाही?" तो माझ्याकडे बघू लागला. मला राहवेना. उभी राहून त्या चौथ्या जोडीचं सगळं सांगितलं.

"आणि तुझं मॉडेल?"

"इसर्जन झालं, सर."

वर्गात हशा पिकला. सरांनी माझी बोली उचलून तीनदा तेच म्हणून दाखवलं. मग क्रिओलमध्ये म्हणाले, "तो कोझ बुकू." फार बोलतेस. भाव कुणी खाल्ला आणि जागा कुणाला गेली, सांगायला नको. हे मॉडेलही मीच केलंय, असं मी म्हणाले नाही. काका घरी काय करतील ते मला ठाऊक होतं. त्या माणसाची मला मनापासून घृणा वाटली, सरांचीही.

पुढच्या चतुर्थीपर्यंत माझे हात भाजीच्या मातीने फाटले होते. भाऊ कॉलेजातून आपला संच घरी घेऊन आला होता. विसर्जनाच्या दिवशी मी तो उचलला, सगळ्यांसमोर काकांपुढे धरला आणि मोठ्याने म्हणाले, "उरलेली माती देवाची हाय, काका." वर्षभर हे वाक्य मी घोकलं होतं. त्यांचा चेहरा उतरलेला मला बघायचा होता.

काकांनी टोपली माझ्यापुढे केली.

"टाक की," ते म्हणाले. "त्याचं काम झालं आता."